मी न केलेली अनाउन्समेंट

ही गोष्ट खरी आहे. ऐकलेली नाही, माझ्याच बाबतीत घडलेली आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू... पण त्या दिवसापासून मी माइक हातात घेतलेला नाही.

माझं नाव नाथाजी. कडेगावच्या पुढे एका माळावर मोटारसायकल शर्यतीचा मातीचा ट्रॅक आहे. लांबट गोल, साडेतीनशे-चारशे मीटरचा. कडेनं जुने टायर रचलेले. फलटण, विटा, शिराळा, कुठून कुठून पोरं गाड्या घेऊन यायची. ट्रॅक माझा मित्र आकारामचा. आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. तो शर्यती भरवायचा, मी बोलायचो. कुठल्या फेरीत कोण, कोण पुढे, कोण घसरला... सगळं मीच सांगायचो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, शर्यतीच्या आदल्या दिवशी, शिराळ्याचा शंभूराज सराव करताना गेला.

लांबच्या वळणावर पाणी मारायचा टँकर उभा होता. टायरांच्या भिंतीमुळे तो दिसत नव्हता. पोरगं पूर्ण वेगात जाऊन धडकलं. तेवीस वर्षांचा होता. मला नाथामामा म्हणायचा.

त्या वेळी मी तिथं नव्हतो. फाट्यावर जेवायला गेलो होतो.

आकाराम धावत आला. रडत होता.

"नाथा, मी लाल झेंडा दावला रं! त्यानं बघितलंच न्हाई. फकस्त एवढंच सांग, तू माइकवरनं तीनदा ट्रॅक बंद म्हणालास. न्हाईतर मी जन्मात उठत न्हाई गड्या."

मी पोलिसांना तसंच सांगितलं. मित्र खरं बोलतोय, मग आपण थोडं वाढवून बोललो तर काय बिघडलं?

शंभूराजच्या आईनंही ते ऐकलं. पोरानं ऐकलं नाही, पोराची चूक... असंच सगळा तालुका म्हणाला.

वर्ष गेलं. आकारामनं पुन्हा शर्यत ठेवली.

आदल्या दिवशी दुपारी चारला आम्ही तिघं ट्रॅकवर होतो. मी, आकाराम आणि साउंडवाले याकूबभाई. ऊन रखरखीत होतं. याकूबभाईंनी खांबांवर कर्णे बांधले होते. जनरेटर अजून टेम्पोतच होता. वायरसुद्धा जोडलेली नव्हती.

आणि लांबच्या वळणाकडून गाडीचा आवाज आला...

सायलेन्सर काढलेली गाडी. कर्कश.

"कोण आलंय सरावाला?" मी विचारलं.

आकाराम त्या वळणाकडं बघत राहिला.

आवाज वळला. समोरच्या सरळ पट्ट्यावर आला. आमच्या पुढून गेला...

ट्रॅकवर कुणीच नव्हतं.

धूळसुद्धा उडाली नाही. मातीवर सकाळच्या रोलरची रेघ तशीच होती.

याकूबभाईंच्या हातातला पाना खाली पडला.

मग डोक्यावरचा कर्णा खरखरला...

"ट्रॅक बंद आहे. शंभूराज, थांब."

आवाज माझा होता.

मी तोंड मिटून उभा होतो. माइक पेटीत होता.

"ट्रॅक बंद आहे. शंभूराज, थांब."

आणि तिसऱ्यांदाही. तेच, पण आता माझा आवाज रडवेला झाला होता.

मी कधीच न केलेली अनाउन्समेंट मी उभ्यानं ऐकत होतो.

मग कर्ण्यातून दुसरा आवाज आला... आकारामचा.

"जा रं शंभू, मोकळा हाय ट्रॅक. दाब गाडी!"

गाडी पुन्हा गरजली. आवाज चढत गेला. लांबच्या वळणापर्यंत गेला आणि... बंद.

धडकेचा आवाज आलाच नाही. माळावर एक चिमणीसुद्धा बोलत नव्हती.

आकाराम मातीत बसला होता.

"झेंडा दावलास म्हणाला होतास," मी म्हणालो.

तो खालीच बघत होता.

"आकाराम, झेंडा कुठं होता?"

"माझ्या गाडीत," तो म्हणाला. "टँकर निघाला आसंल, आसं वाटलं मला. मीच त्याला जा म्हणालो. त्याच्या चकरांनी ट्रॅकची माती दाबून निघावी म्हणून..."

"आणि मला खोटं बोलायला लावलंस? मला?"

त्यानं तेव्हा वर पाहिलं.

"तू तरी कुठं न्हाई म्हणालास, नाथा?"

पस्तीस वर्षांची दोस्ती. त्या एका वाक्यात संपली.

याकूबभाई कर्णे उतरवायला लागले. मध्येच थांबून हळूच म्हणाले, "नाथाजीभाऊ, पयला आवाज तुमचाच व्हता ना?"

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात जाऊन खरं काय ते लिहून दिलं. शर्यत झाली नाही. आकारामनं माझा नंबर ब्लॉक केला.

तिथून थेट शिराळ्याला गेलो. शंभूराजची आई, उमावहिनी, घरात एकटीच राहते. नवरा केव्हाच वारलेला. दुसरं मूल नाही.

मी उंबऱ्यातच हात जोडले. माझी साक्ष खोटी होती, ट्रॅकवर जा असं आकारामनंच म्हटलं होतं, एवढं सांगितलं. कर्ण्याचं सांगितलं नाही. वाटलं, शिव्या देईल. मारेल.

तिनं नुसती मान हलवली.

"लय वाट बघाय लावलीसा," ती म्हणाली. "झेंडा गाडीतच व्हता, हे मला ठावं हाय."

झेंड्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं. ते आम्हा तिघांखेरीज फक्त पोलिसांना माहीत होतं, आणि ठाण्यातून मी थेट इथंच आलो होतो.

"वहिनी... तुम्हाला कुणी सांगितलं?" माझा आवाज चढला.

तिनं चटकन ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीच्या पडद्याकडं बघितलं.

"आवं, हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

पंखा बंद होता. पडदा मात्र हलत होता... आत-बाहेर, संथ. कुणीतरी झोपेत श्वास घेत असल्यासारखा.

मी चप्पल तिथंच टाकून निघालो.

आणायला अजून गेलेलो नाही.