अठ्ठ्याऐंशीव्या पानावरची ओळ

माझं बाळ दुपारी दीडला झोपतं. तीनपर्यंतचा वेळ माझा. तेवढ्यात मी गणिताची पुस्तकं मांडते: समीकरणं टाइप करायची, त्यांना शोभेल तो फॉन्ट निवडायचा, पानं छापखान्यात पाठवायची. पाळण्याची दोरी एका पायाच्या अंगठ्याला बांधलेली असते.

हे पुस्तक माझ्या कॉलेजातल्या बाईंचं. आयुष्यभर धरून ठेवलेलं एक प्रमेय, आणि त्याच्या सिद्धतेत अठ्ठ्याऐंशीव्या पानावर एक पायरी कमी.

"अकरा वर्षं शोधतेय गं," बाई म्हणाल्या. नजर अधू होत चाललेली, भिंग गळ्यात. "आता डोळे थकले. ती ओळ मोकळी सोड. खाली छाप, सिद्ध झालेलं नाही. खोटं नको."

फाइल गुरुवारी पाचला जायची होती. मी अडले होते अक्षरांवर. त्या समीकरणांत इंग्रजी व्ही आणि ग्रीक न्यू शेजारीशेजारी येतात, आणि बहुतेक फॉन्टमध्ये ती जुळी भावंडं दिसतात. टाइप करताना चाळिसाव्या पानावर मी त्यांची अदलाबदल केली होती, प्रुफात बाईंनाही ती दिसली नव्हती.

"अगं, बाळाचं नाव ठेवायला तरी एवढा वेळ लावलास का?" मी वेगळा फॉन्ट मागितला तेव्हा छापखान्याचे मालक फोनवर म्हणाले.

"काका, ते अजून ठेवलंच नाहीये."

हसत हसत त्यांनी एक जुना फॉन्ट धाडला, त्यांच्याकडच्या छपाईच्या जुन्या शिशाच्या खिळ्यांवरून उतरवलेला. नाव नाही, नुसता आकडा. त्यात न्यूचं टोक सुईसारखं, व्हीचं बूड गोल. मी अख्खं पुस्तक त्यात बसवलं.

एकही समीकरण समासाबाहेर आलं नाही. असं कधी होत नाही. मी खूश झाले.

मग चाळिसाव्या पानावरची माझी चूक पानावर दुरुस्त दिसली. फाइलमध्ये ती तशीच होती.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर मोकळी जागा नव्हती. तिथे एक ओळ होती.

फॉन्ट बदलला, ओळ गेली. परत आणला, ओळ आली. मागे बाळ झोपेत हसलं.

मी पान छापलं, बाळाला कडेवर घेतलं आणि बाईंचं घर गाठलं.

बाईंनी भिंग लावलं.

"कोणी केलं?"

"माहीत नाही, बाई."

"पेन दे."

तासभर त्या ताडून पाहत होत्या. बाळ त्यांच्या शालीचे गोंडे चघळत होतं. मग त्यांनी टेबलावर थाप मारली.

"बसलं! अगं, चपखल बसलं!"

वर्गात कधी न हसलेल्या माझ्या बाई बाळाला उचलून खोलीभर गिरक्या घेत होत्या. "अकरा वर्षं, राजा! अकरा वर्षं!" मी रडत होते, हसत होते.

"ते 'सिद्ध झालेलं नाही' काढून टाक," धापा टाकत बाई म्हणाल्या. "आणि आभारात लिही, ही ओळ माझी नाही."

फाइल वेळेत गेली.

दीड महिन्याने पुस्तकांचा गठ्ठा घरी आला. पाचशेतल्या माझ्या दहा प्रती. मी ते पान उघडून बाळासमोर धरलं. त्याने त्या ओळीवर हाताचा तळवा टेकवला.

तळवा काळा झाला.

मी दुसरी प्रत उघडली. मग तिसरी. प्रत्येकीत ती ओळ ओली होती, बाकी सगळं पान कोरडं होतं.