मे महिन्यातला मफलर

"पहिल्या दिवशी राजवाडा, दुसऱ्या दिवशी चित्रसंग्रहालय आणि मग बोटीनं डॅन्यूबकाठचा तो मठ," तनया नकाशावर बोट फिरवत म्हणाली. "त्याचं ग्रंथालय बघितल्याशिवाय मी व्हिएन्ना सोडणार नाही."

"आणि केक कधी खायचा?" निनादला तेवढीच काळजी होती.

तेवढ्यात आतून बाबांनी आईला हाक मारली, "विभा, माझा मफलर कुठंय?"

जयपुरात, मे महिन्यात मफलर! दोघं खो खो हसत सुटली. पण बाबा दारात आले, तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चौघांचे पासपोर्ट त्यात गुंडाळले होते," ते म्हणाले. "चोराला संशय येऊ नये म्हणून."

विमान उद्या पहाटेचं होतं. ही सहल तनयानं एकटीनं आखली होती, पार ट्राम कुठं बदलायची इथपर्यंत. आणि बँकेत लोकांचे लॉकर सांभाळणाऱ्या बाबांना घरात पासपोर्ट ठेवायला मफलरच सापडला होता.

"चोरीच झालीय," बाबा म्हणाले. "पोलिसांत जातो. तिकिटंही रद्द करावी लागणार."

"बाबा, थोडं थांबा ना," म्हणत तनयानं निनादला कपाटाकडे ओढलं. मफलर असायचा त्याच कप्प्यात आईच्या सोन्याच्या बांगड्या जशाच्या तशा होत्या.

"असला कसला चोर? सोनं सोडून मफलर नेतो?" निनाद म्हणाला.

तनया खाली वाकली. कप्प्यात तांदळाचे लालसर दाणे पडले होते. कुंकू लावलेल्या अक्षता. हे काम घर राखायला आलेल्या सुनेत्राआत्याचंच! पण आत्या गेली होती गोविंददेवजींच्या दर्शनाला, आणि तनयानं लावलेला तिचा फोन स्वयंपाकघरातच वाजत होता.

"काल तिनं मला विचारलं, व्हिएन्ना कुठल्या दिशेला," निनादला आठवलं. "मी कंपास लावून दाखवलं. वायव्येला."

तनयाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उद्या अमावास्या, म्हणून आत्या कुरकुरली होती आणि बाबा हसले होते, "अक्का, विमानाला अमावास्या कळत नाही." मग कऱ्हाडहून येताना आपण काय केलं, ते आत्यानं मुलांना सांगितलं होतं. निघायचा दिवस चांगला नव्हता, म्हणून आदल्या दिवशीच तिनं आपली एक साडी शेजारी नेऊन ठेवली होती. याला म्हणतात प्रस्थान. जायच्या दिशेला आपली वस्तू घराबाहेर पडली, की आपण निघालोच.

दोघं गच्चीवर धावली. पाय भाजत होते. कंपासची सुई स्थिरावली. वायव्येला कोपऱ्यावरचं निळ्या फाटकाचं घर, राठौड आंटींचं.

"हाँ बेटा, आत्याजी कल रख गई थीं," आंटी म्हणाल्या. "बोलीं, कोई हाथ न लगाए."

त्यांच्या देवघरात मफलरची घडी होती, वर सुपारी. तनयानं अलगद दाबून पाहिलं. आत काहीतरी कडक लागलं आणि तिला रडूच आलं. आत्यानं भावाचा मफलर म्हणून नेला होता. आत काय आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

निनादनं आईबाबांना बोलावून आणलं. बाबांनी घडी उलगडून चारही पासपोर्ट छातीशी धरले. "शाब्बास पोरांनो," आई दोघांना जवळ घेत म्हणाली. "तुमच्यामुळं सहल वाचली."

बाबा पासपोर्ट घेऊन निघाले, तशी तनया आडवी आली. "प्रस्थान परत घरात न्यायचं नसतं, बाबा. आत्याला फार वाईट वाटेल."

बाबांनी पासपोर्ट पुन्हा नीट गुंडाळले, सुपारी वर ठेवली आणि आंटींना म्हणाले, "सुबह यहीं से ले जाएंगे."

एवढ्यात रिक्षा थांबली. प्रसादाचा पुडा घेऊन आत्या फाटकात उभी होती. "सगळे इथं काय करताय? आणि विलास, उद्या अमावास्येलाच निघणार ना तू?"

"छे गं अक्का," बाबा म्हणाले. "आम्ही तर कालच निघालोय."