आज खांब किती?

"खांब काका मोजतच नाहीत म्हणे, ते तर…"

एवढंच माझ्या कानावर पडलं आणि दुकानात एकदम सामसूम झाली. शिवणवाली मशीनखाली वाकून न हरवलेली सुई शोधायला लागली. पाववाल्याने खिशातून मोबाईल काढला आणि बंद पडद्याकडे टक लावून बसला. मुलीचं जॅकेट चेन बदलायला टाकलं होतं, ते घ्यायला मी गेले होते.

"काय गं, मला बघून जीभ गिळलीस?" मी विचारलं.

"छे, आपलं हवापाण्याचं चाललं होतं."

आता गावात हवापाण्याच्या गप्पा चालल्यात आणि त्या माझ्यापासून लपवतात, म्हणजे कमालच झाली. मी काकांची शेजारीण. त्यांच्या आणि माझ्या अंगणात एक भिंत, तीही कमरेएवढी. त्या घरात कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे मला माहीत असतं. आणि काकांबद्दलची गोष्ट मला सोडून पाववाल्याला कळावी? मी जॅकेट घेतलं आणि तडक घरी आले. वाटेत राग आला होता, पण दार उघडेपर्यंत रागाची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली होती.

कारण माझी मुलगी रोज त्या आकड्यावर जाते.

आमचं गाव तळ्याच्या काठाला चिकटून आहे. तळ्यावर लांबलचक बांध, बांधावरून रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी. पलीकडच्या टोकाला रुग्णालय आणि बाकीचं जग. हिवाळ्यात तळ्यावरून धुकं उठतं, ते सांगून येत नाही. रेडिओवरचा अंदाज अख्ख्या प्रदेशाचा असतो, त्यात आमच्या तळ्याला कोण विचारतो? म्हणून आम्ही काकांना विचारतो. काकांनी हवामान केंद्रात तीस वर्षं नोंदी घेतल्या. धुकं मोजायची जुनी रीत त्यांना ठाऊक. ठरलेल्या अंतरावरच्या खुणा धरायच्या आणि त्यातल्या किती दिसतात ते पाहायचं. बांधावर पांढरे रंगवलेले बारा खांब आहेत. काका पावणेसातला व्हरांड्यात उभे राहून ते मोजतात आणि गावाच्या ग्रुपवर आकडा टाकतात. चारच्या खाली आकडा आला की बांधावर कोणी गाडी घालत नाही. शाळेची बस थांबते, पाववाला थांबतो, साहेब लोकही गपगुमान थांबतात. आमच्याकडे सकाळी भेटलेला माणूस 'बरं आहे ना' असं विचारत नाही. 'आज खांब किती?' असं विचारतो.

माझी मुलगी रुग्णालयात परिचारिका आहे. सात वाजता स्कूटर काढते. आकडा ऐकते, हेल्मेट चढवते, निघते.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवरचे जुने निरोप उघडून बसले. काका पूर्वी आकडा लिहून टाकायचे. दोन वर्षांपासून बोलून पाठवतात. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी बोटं दुखत असतील. मी एक निरोप लावला. "आज खांब आठ." दुसरा लावला. "आज खांब अकरा." मग मोबाईल कानाला घट्ट लावून पुन्हा ऐकले. काकांच्या आवाजाच्या आधी, जरा लांबून, एका बाईचा आवाज येत होता. अगदी हळू. "आठ." मग काका, "आज खांब आठ." पुढच्यातही तसंच. "अकरा…" मग काका.

म्हणजे काकू मोजतात तर. मला हसूच आलं. एवढीशी गोष्ट, आणि त्या दोघांनी केवढा आव आणला होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बिस्किटांची बशी घेऊन गेले. काकू दिवाणावर पाय पसरून गुडघ्यांना तेल लावत होत्या. काका नेहमीच्या जागी. मी रोज खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, पण तिच्यावर कपड्यांचा ढीग होता, म्हणून दाराजवळच्या स्टुलावर बसले.

"ये गं," काका म्हणाले. "आज वारा उत्तरेचा आहे. दोन दिवसांत पारा घसरणार बघ."

ते खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघून बोलत होते. कपड्यांच्या ढिगाशी. हसून, मान हलवून, पाच मिनिटं बोलत होते. माझ्या हातातली बशी तशीच राहिली.

स्वयंपाकघरात मी काकूंना गाठलं. "काकू, काकांना दिसत नाही?"

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "जवळचं दिसत नाही गं. लांबचं दिसतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, खांब दिसतात ना, मग झालं."

"पण खांब तर तुम्ही मोजता."

"मी?" काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच वरमले. "अगं, मी साडेसातशिवाय अंथरूण सोडत नाही. हे गुडघे बघ. कानातलं यंत्रसुद्धा काढून ठेवलेलं असतं. गावात असं म्हणतात का? म्हणू देत. त्या शिवणवालीला दुसरा धंदा नाही."

मग बाहेर येऊन मी काकांना विचारलं, एकटं गाठून. त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या दिशेने कान दिला.

"तुला सांगतो, पण हिला कळवू नकोस, लाजेल," ते म्हणाले. "मला काहीच दिसत नाही. दोन वर्षं झाली. हीच येते सकाळी व्हरांड्यात, मागे उभी राहते, आकडा सांगते आणि जाते. दिवसा विषय काढला तर मान्य करत नाही. मला वाईट वाटू नये म्हणून असेल. चाळीस वर्षांचा संसार आहे, कळतं मला."

मी हो म्हटलं आणि घरी आले. उन्हात वाळत घातलेले कपडे काढले आणि पुन्हा तिथेच वाळत घातले.

त्या रात्री मुलीला काही सांगितलं नाही. सांगणार काय? आकडा कधी चुकला नव्हता. दोन वर्षांत एकदाही नाही. पण ज्या आकड्यावर माझं लेकरू पाण्यावरून जातं, तो सांगतं तरी कोण, हे मला कळायला हवं होतं. तिला म्हटलं, "उद्या मी काकांकडे असेन. निघताना फोन कर."

"काय गं आई, आता त्यांच्या व्हरांड्यातही पाळत?" ती हसली. "भिंत पुरेना का?"

सकाळी साडेसहाला मी भिंत ओलांडून गेले. आमच्या घरातून बांध दिसत नाही, मधे काकांचंच घर येतं. त्यांच्या व्हरांड्यातून मात्र सगळं समोर. हवा कोरडी होती. पाणी सपाट, तेल ओतल्यासारखं. बांधावरचे खांब एकामागून एक स्वच्छ दिसत होते. मी मोजले. बारा. पुन्हा मोजले. बारा. काका खुर्चीत, मांडीवर मोबाईल. मी त्यांच्या शेजारी बसले. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि काकू भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या मला दिसत होत्या. घोरत होत्या, खोटं कशाला सांगू.

"आज बोलू नकोस हं," काका म्हणाले. "तिला आवडत नाही."

पावणेसातला वास आला. ओल्या सिमेंटचा, पाणी नुकतंच ओसरलेल्या पायऱ्यांना येतो तसा. काकूंचं घोरणं चालूच होतं. आणि माझ्या खुर्चीच्या मागे, कानापासून हातभर अंतरावर, बाईचा आवाज आला.

"दोन."

थकलेला आवाज. रागावलेला नाही, भेसूर नाही. दिवसभर काम करून आलेली बाई बोलते तसा. मी वळून बघितलं नाही… मला वळताच आलं नाही. काकांनी मोबाईल तोंडाशी नेला. "आज खांब दोन."

"काका," माझा आवाज मलाच ओळखू येईना. "काका, बाराच्या बारा दिसतायत."

"ती दोन म्हणाली."

"काकू आत झोपल्यात."

काकांचा चेहरा माझ्याकडे वळला, थोडा बाजूला, जिथे मी नव्हते तिथे.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मुलगी. "आई, काका दोन म्हणतायत. इथे तर लख्ख आहे. आज मला लवकर पोहोचायचंय, रात्रपाळीची मुलगी एकटी आहे वॉर्डात. तू तिथेच आहेस ना? खरं सांग, किती?"

मी काय करायला हवं होतं, ते तुम्ही आता म्हणाल. पण माझ्या मागे जे कोणी होतं त्याच्या आकड्यावर मी पोरीला सोडू की माझ्या दोन डोळ्यांवर? मी म्हटलं, "बारा. मी स्वतः मोजलेत. नीघ."

स्कूटर बांधाच्या तोंडाशी वळलेली मला दिसली. जॅकेटची पाठ दिसली. पहिला खांब गेला.

आणि पलीकडचे खांब विझायला लागले. बारावा, अकरावा, दहावा… कोणीतरी पलीकडून एकेक पुसत येत होतं. धुकं पाण्यावरून वर चढलं नाही, ते बांधावरून चालत आलं. आठवा गेला, पाचवा गेला. तिसरा गेला. मग ते थांबलं. दोन खांब उरले, आणि दुसऱ्या खांबाच्या पलीकडे पांढरी भिंत. त्या भिंतीत माझी मुलगी.

मी धावले. चप्पल कुठे राहिली माहीत नाही. तिला फोन लावला तर वाजत राहिला. स्कूटरवर असताना ती उचलत नाही, मीच शिकवलंय. बांधाच्या तोंडाशी उभी राहून मी तिच्या नावाने ओरडले. माझाच आवाज पाण्यावरून परत आला, आणि मग धुक्याच्या आतून, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज.

मी रस्त्यावर बसले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग धुक्यातून टायर घासल्याचा आवाज आला. ती स्कूटर हाताने ढकलत येत होती. हेल्मेट डोक्यावर, काच वर केलेली, तोंड पांढरं.

मी तिला इतकी घट्ट धरली की ती म्हणाली, "आई, श्वास घेऊ दे." मग मला हातभर लांब करून माझ्या पायांकडे, अंगावरच्या गाऊनकडे बघत राहिली. "तू कपडे कधी बदललेस?"

मी तिला घरी नेलं, चहा दिला. दहा वाजता धुकं विरलं तेव्हा कळलं की तिसऱ्या खांबापाशी पाइपांनी भरलेला ट्रक घसरून आडवा झाला होता, रस्ता पूर्ण अडवून, दिवे बंद. ड्रायव्हरला खरचटलं होतं, इतकंच. पुढे दोन दिवस गावात त्याच ट्रकची चर्चा. काकांचं कौतुक तर विचारू नका. एवढ्या लख्ख उजेडात दोन म्हणाले, याला म्हणतात अनुभव.

शिवणवालीने मला दुकानात बोलावून चहा मागवला. "आता सांग तरी. काकू मोजतात ना?"

"काका मोजत नाहीत, एवढं खरं," मी म्हटलं. "काकू मोजतात, हे खोटं."

"मग कोण?"

मी चहा प्यायले. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे बातमी होती आणि मी ती दिली नाही.

कारण मुलीने मला जे सांगितलं होतं ते माझ्या घशाखाली उतरलं नव्हतं. ती म्हणाली, धुकं आलं तेव्हा ती दुसऱ्या खांबापुढे गेली होती. समोर काही दिसेना. तेवढ्यात कोणीतरी स्कूटरचं हँडल धरलं आणि वळवलं. तिला वाटलं मी. "तू नेहमी उभी राहतेस तशीच होतीस, पदर डोक्यावरून घेऊन. ओली होतीस सगळी. चेहरा अगदी माझ्या चेहऱ्याजवळ आणून बघत होतीस, चष्मा हरवल्यासारखी. मी आई म्हटलं, तर म्हणालीस…"

"काय म्हणाले?"

"म्हणालीस, 'एवढ्या जवळ येऊन बघावं लागतं गं आता. सहाव्या खांबाच्या पुढचं मला दिसेनासं झालंय.'"

त्याला आता तीन आठवडे झाले. थंडी ओसरली, आकाश कसं धुतल्यासारखं आहे. काकांच्या व्हरांड्यात मी पुन्हा गेले नाही. काका विचारतात, मी कामाची सबब सांगते. रोज पावणेसातला ग्रुपवर आकडा येतो आणि लोक तो ऐकून गाड्या काढतात. काका हल्ली जरा जास्तच जपून मोजतात, असं पाववाला म्हणतो. सहाच्या वर आकडा जातच नाही.

आज सकाळी लख्ख ऊन होतं. मुलीने आकडा ऐकला, हेल्मेट चढवलं, आणि माझ्याकडे न बघता निघाली.

कालपर्यंत सहा यायचा. आज पाच आला होता.