न मोजलेला गडी

अड्यारमधला रविकांतचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर होता. हॉलची खिडकी रस्त्याकडे. खाली झाडाच्या सावलीत इस्त्रीवाल्याची गाडी असायची आणि कोळशाचा वास ओल्या कापडाच्या वासात मिसळून वर यायचा. दुपार कलली की समुद्राकडचा वारा सुटे. तोवर पंखा नुसती गरम हवा ढवळत राही.

दोन हजार सहा साली, दिवाळी झाल्यावर, मी कऱ्हाडकडचं घर बंद करून मुलाकडे राहायला आले. रविकांत आणि सून निधी, दोघंही शोळिंगनल्लूरला एकाच कंपनीत. सकाळी कंपनीची बस त्यांना घेऊन जायची, ती अंधार पडल्यावर आणून सोडायची. नात रेवा चौथीत होती. ती शाळेतून आली की घरात आम्ही दोघीच. आधी ती मला इंग्रजी अक्षरं गिरवायला लावायची. मराठी अक्षरंसुद्धा मी चाळिशी उलटल्यावर शिकले, त्यामुळे तिला माझा हात पकडून गिरवून घ्यावं लागे. अक्षरं झाली की खेळ.

खेळ टीव्हीवरचा. रविकांत कामासाठी अमेरिकेला गेला होता, तेव्हा त्याने ते यंत्र आणलं होतं. एक काळी पेटी, तिच्या पुढच्या बाजूला वायरी खोचायची भोकं, आणि वायरवाले दोन रिमोट. रेवा त्यांना कंट्रोलर म्हणायची. पडद्यावर एक समुद्रकाठचं गाव यायचं. चढउताराच्या गल्ल्या, मासळीबाजार, पलीकडे टेकडी, टेकडीवर दीपस्तंभ. अंगठ्यांनी बटणं दाबत आपल्या माणसाला पळवायचं. दीपस्तंभावरच्या झेंड्याला जो आधी हात लावेल तो जिंकला. रविकांतचा माणूस निळ्या कोटातला, रेवाची मुलगी लाल फ्रॉकातली. मला एक हिरव्या टोपीचा म्हातारा मिळाला होता.

आम्ही दोघी झेंड्याकडे जातच नसू. बाजारातल्या कापडी छतांवर उड्या मारायच्या, टोपल्या उलथवायच्या, एकमेकीला बंदराच्या धक्क्यावरून पाण्यात ढकलायचं. माझा म्हातारा पाण्यात पडला की टोपी तेवढी वर तरंगायची. त्यावर रेवा लोळून हसायची.

रविवारी माझा रिमोट रविकांतकडे जायचा आणि मी बाजूला बसून बघायचे. तो सोफ्याच्या कडेवर बसायचा, पुढे वाकून, जबडा आवळून. बोलायचा नाही. रेवा ज्या गल्लीने जाणार ती आधीच ओळखून तिथे उभा राहायचा आणि खांद्याने तिला बाजूला सारून पुढे निघून जायचा. प्रत्येक वेळी. मग विचारायचा, परत? ती हो म्हणायची. हळूहळू तिची हनुवटी थरथरायला लागायची.

निधी एकदा म्हणाली, लहान आहे ती, एखादा डाव सोड की. रविकांत म्हणाला, दुसऱ्याने सोडलेला डाव जिंकून काय उपयोग. मला त्याचा हा स्वभाव नवा नव्हता. शिष्यवृत्तीची परीक्षा, मग कॉलेज, मग नोकरी, प्रत्येक ठिकाणी तो असाच पुढे वाकून बसला होता आणि तसा बसला म्हणूनच इथवर आला होता. पण ती परीक्षा नव्हती. समोर त्याची पोर होती, आणि ती रविवार आला की पोट दुखतंय म्हणायला लागली होती. माझ्या पोराने आपल्या पोरीबरोबर एकदा मोकळं हसावं, एवढंच मला पाहिजे होतं. मी तसं बोलून दाखवलं.

"रवी, एकदा तरी तिच्याशी हसायला खेळ."

"हसायला?" तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "मग खेळायचं कशाला, आई?"

तिसरा गडी आला तो पोंगलनंतर. दारांसमोरच्या मोठ्या रांगोळ्या पावलांनी पुसट झाल्या होत्या. दुपारी आम्ही दोघी बाजारात छतांवर उड्या मारत होतो, तेव्हा मागून कुणीतरी उडी मारली आणि धपकन खाली पडलं. राखाडी सदऱ्यातला एक बुटका माणूस. उठला, पुन्हा चढला, पुन्हा पडला. नुकतंच चालायला लागलेलं मूल पडतं तसा, हात न टेकता. टोपली उलथवायला गेला तर स्वतःच तिच्यात बसला.

रेवाने विचारलं, हा कोण? दोनच वायरी जोडलेल्या होत्या. मला वाटलं, यंत्रातच असेल काहीतरी. मी म्हटलं, "असू दे. त्याला कच्चा लिंबू धरू."

तिला ते समजावून सांगावं लागलं. आमच्या आळीत लपाछपीत एखादं शेंबडं पोर मध्येच घुसायचं. त्याला हाकलायचं नाही. त्याला कच्चा लिंबू म्हणायचं. ते सगळ्यांबरोबर पळतं, लपतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तेही कुणावर राज्य देऊ शकत नाही. खेळात असतं, मोजणीत नसतं. रेवाला ते फार आवडलं. ती पडद्याला म्हणाली, "ए, तू कच्चा लिंबू." राखाडी माणूस टोपलीतून उठला आणि तिच्या लाल मुलीमागे पळत सुटला.

त्यानंतर तो रोज यायचा. आम्ही यंत्र सुरू केलं की कुठल्यातरी कोपऱ्यावरून डोकावायचा. हळूहळू त्याचं पडणं कमी झालं. रेवा जशी उडी घ्यायची, आधी जरा मागे सरून, तशीच तो घ्यायला लागला. एकदा पेटी पुसताना माझं बोट तिसऱ्या भोकावर टेकलं. त्यात वायर नव्हती. बाकीची पेटी गार होती. त्या भोकाला मात्र ऊब होती, कुणीतरी नुकताच श्वास सोडल्यासारखी.

समोरच्या फ्लॅटमध्ये विजयालक्ष्मीबाई राहायच्या. तंजावरकडचं जुनं मराठी घराणं. आमची मराठी ऐकून त्या हसायच्या, त्यांची ऐकून मी. एका दुपारी त्या मुरुक्कूचा, म्हणजे इकडच्या चकल्यांचा, डबा घेऊन आल्या. आम्ही दोघी खेळत होतो. मी उठून कॉफी केली, त्यांना दिली, मी घेतली. त्या उभ्याउभ्याच प्यायल्या आणि निघताना मला हळूच म्हणाल्या,

"त्या पाहुण्यांस कापी दिलंत नाहीं. भुकेला दिसतो."

मी विचारलं, कोण पाहुणा? त्यांनी सोफ्याच्या मागे, भिंतीलगतच्या फरशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि चपला घातल्या. त्यानंतर त्या कधी आत आल्या नाहीत. काही द्यायचं असलं तर ग्रिलमधून देऊन जायच्या.

रविकांतने त्याला एका रविवारी पाहिलं. रेवाने घाईघाईने सांगितलं, बाबा, तो कच्चा लिंबू आहे, त्याला मोजायचं नाही. रविकांत म्हणाला, प्रोग्रॅममधला बग असणार. त्याने यंत्र बंद करून पुन्हा लावलं. राखाडी माणूस होताच. रविकांतने खांदे उडवले आणि नेहमीसारखा निळ्या कोटाला टेकडीकडे पळवायला लागला.

दीपस्तंभाशी पोचला तर राखाडी माणूस तिथे आधीच उभा होता. झेंड्याच्या अगदी शेजारी, हात खाली सोडून. निळ्या कोटाने झेंड्याला हात लावला. जिंकल्याचं संगीत वाजलं. राखाडी माणूस जिना उतरून निघून गेला.

पुढच्या डावातही तेच. त्याच्या पुढच्याही. रविकांत नव्या गल्ल्या शोधायला लागला, छतांवरून जायला लागला. तो कुठूनही गेला तरी राखाडी माणूस आधी पोचलेला, झेंड्याशेजारी उभा, झेंड्याला न शिवता. रेवा केव्हाच उठून गेली होती. जेवायला हाक मारली तरी तो आला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने रजा टाकली. निधी एकटीच कंपनीच्या बसने जायची. तो दिवसभर सोफ्याच्या कडेवर. दाढी वाढली. रिमोट घामाने चिकट झाला. अंगठ्यांना फोड आले, त्यांवर त्याने पट्ट्या लावल्या.

मी म्हटलं, जिंकतोयस की प्रत्येक वेळी, मग आता पुरे कर.

"मी जिंकत नाहीये, आई," तो म्हणाला. "तो जिंकू देतोय."

शनिवारची दुपार होती. निधी टी. नगरला गेली होती. रेवा दारात उभी राहून बघत होती. रविकांतने खेळ थांबवला आणि तिला विचारलं, कच्च्या लिंबूला पक्का कसा करतात? तिला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं. तो त्याच आळीत वाढला होता. पोर मोठं झालं की त्याच्या हातावर टाळी द्यायची आणि पक्का म्हणायचं. मग त्याच्यावर राज्य येतं, आणि त्यालाही राज्य देता येतं.

मी म्हटलं, नको. का नको ते मला सांगता आलं नाही.

तो उठला आणि टीव्हीच्या काचेवर त्याने पंजा टेकवला. काच तडतडली. त्याच्या मनगटावरचे केस उभे राहिले.

"चल," तो म्हणाला. "आजपासून तू पक्का गडी. आता मोजून."

पडद्यावरच्या राखाडी माणसाने हात वर केला.

डाव सुरू झाला. राखाडी माणूस उड्या मारत नव्हता, पडत नव्हता. पुढे वाकून पळत होता. निळा कोट पहिल्या वळणावर पोचला तर तो तिथे उभा होता. त्याने खांद्याने निळ्या कोटाला बाजूला सारलं.

मग तो टेकडी चढला.

मग त्याने झेंड्याला हात लावला.

संगीत वाजलं. रविकांत तसाच उभा होता. रिमोट हातातून सुटून फरशीवर पडला तरी अंगठे हवेत दाबत होते. मग तेही थांबले.

आणि तो हसला. मोकळं, पोट धरून. रेवाला उचलून त्याने गरकन फिरवलं आणि म्हणाला, चल, आपण धक्क्यावर जाऊन एकमेकांना पाण्यात ढकलू.

घर बदललं. रविकांत लवकर घरी यायला लागला. रोज रेवाशी खेळायचा, हरायचा, हरला की टाळ्या वाजवायचा. रेवाचं पोट दुखेना. निधी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, आई, तुमचं ऐकलं त्याने. मी हो म्हटलं. मला हवं होतं ते सगळं माझ्यासमोर चाललं होतं.

फक्त कुणी काही बोललं नाही की तो होता तिथेच थांबायचा. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर तो फ्रीजशेजारी भिंतीकडे तोंड करून उभा होता. किती वेळ, कोण जाणे. मी पाठीला हात लावला तेव्हा वळला आणि प्रेमाने हसला. निधीला सांगितलं तर ती म्हणाली, दमतो हो तो. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरला. "आई, पहिल्यांदा तो घरात असल्यासारखा वाटतोय. राहू द्या ना."

राखाडी माणूस पुन्हा दिसला नाही. पण आता रेवाबरोबर खेळताना रविकांतने पिवळ्या शर्टाचा दुसराच माणूस घेतला होता. निळा कोट एकटा पळत असायचा. रिमोट कुणाच्याही हातात नसला तरी तो टेकडीवर जायचा, झेंड्याला हात लावायचा, आणि लगेच पुन्हा खालून सुरुवात करायचा. त्याची वळणं मी ओळखत होते. एका दुपारी घरात कुणी नसताना मी दोन्ही वायरी उपसल्या. तो पळतच राहिला. मी टीव्हीजवळ गेले आणि हाक मारली, "रवी."

निळा कोट थांबला. गल्लीच्या मधोमध. इकडे तिकडे पाहायला लागला.

"काय गं आई?" मागून आवाज आला. मला वाटलं होतं तो ऑफिसात आहे. तो सोफ्यावर बसला होता, हात मांडीवर ठेवून, हसत.

मी वळून पडद्याकडे पाहिलं. निळा कोट पुन्हा पळायला लागला होता.

इकडे शनिवारी पुरुष डोक्याला तेल लावून न्हातात. रविकांतलाही ती सवय लागली होती. एका शनिवारी सकाळी मी तिळाचं तेल कोमट केलं आणि सोफ्यावर बसले. तो माझ्या पुढ्यात फरशीवर मांडी घालून बसला. मनात म्हटलं, हाताला तर कळेल. लहानपणी मी हे डोकं किती वेळा चोळलं होतं. बोटं फिरवली. दोन भोवरे होते ते तिथेच होते. जात्यावर पडला होता त्याची खोक तिथेच होती. कातडी, केस, कानामागचा तीळ, सगळं माझ्या पोराचं.

मी डावा अंगठा कानामागे दाबला. त्याची मान डावीकडे वळली.

उजवा दाबला. उजवीकडे.

तेलाने हात निसटला असेल म्हणून मी पुन्हा दाबून पाहिलं. मग दोन्ही अंगठे एकदम. तो उठला. एक पाऊल उचललं, आणि त्याच वेळी माझे हात सुटले.

तो तसाच थांबला. एका पायावर, दुसरा हवेत. डोक्यावरचं तेल मानेवरून खाली ओघळत होतं. तोल जात नव्हता, पाय थरथरत नव्हता.

रेवा केव्हा आली मला कळलं नाही. ती सोफ्यावर माझ्याशेजारी येऊन बसली, पाय वर घेऊन. थोडा वेळ तिने बाबाकडे पाहिलं. मग माझ्या दंडाला हलकेच कोपर लावून म्हणाली,

"आजी, आता मला दे ना."