चौदा दिवे आणि खिशातला एक

“काका, येत्या सोमवारची सही तुम्ही आज गुरुवारीच कशी केली?”

विचारलं! एकदाचं विचारून टाकलं! मौनीचं काळीज असं धडधडत होतं, की शिडीवर उभ्या असलेल्या वायरमनकाकांनाही ते ऐकू गेलं असेल.

काकांनी दातांत धरलेला टेस्टर हातात घेतला. “कसली सही?”

“इमर्जन्सी दिव्यांच्या कार्डांवरची. ‘दर सोमवारी तपासणी’ असं लिहिलंय. आणि अजून न आलेल्या सोमवारपुढेही ‘ठीक’ लिहून तुमची सही आहे.”

“अगं, पुढचं काम आधीच उरकलेलं बरं नाही का?” काका मोठ्याने हसले. वाचनालयातल्या दोन-तीन माणसांनी वर्तमानपत्रातून डोकी वर काढली. “जा, गोष्टीचं पुस्तक वाच एखादं.”

मौनीने तिथल्या तिथे मोबाइल काढून ‘बिनकामाचे’ या ग्रुपवर लिहिलं, “विचारलं!!!”

कोणाचंच उत्तर आलं नाही.

खरं तर पैज ग्रुपमधल्या दोघांनीच लावली होती. रेडिओ ही तिची जिवलग मैत्रीण. तिची बडबड झोपेतही बंद होत नसे. ती सुट्टी लागताच आजोळी गेली होती. पहिलवान गेला होता पोहण्याच्या शिबिराला. फुंकर मारली तरी उडेल असा हा पहिलवान आठ दिवसांत एकदाही पाण्यात उतरला नव्हता. “तू विचारलंस तर मी उंचावरून सूर मारतो, जा!” असं त्याने काल रात्री लिहिलं होतं. रेडिओने तर सरळ “हिंमत असेल तर विचारून दाखव” म्हणून चिडवलं होतं. आता विचारलं, तर दोघांचाही पत्ता नाही! एक मामेभावंडांत आणि दुसरा शिबिरातल्या नव्या मित्रांत रमलेला.

मौनी मात्र इथेच होती. सातवीपर्यंत वर्गात तोंड उघडायची नाही म्हणून तिला हे नाव पडलं होतं. यंदा वक्तृत्व स्पर्धेत ती दुसरी आली आणि तेव्हापासून तिची गाडी सुसाट सुटली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आणि गंमत बघा, बोलायला यायला लागलं तर समोर ऐकायला कोणी नाही! बाबा मालवाहू बोटीवर, चार-चार महिने समुद्रात. आई या सार्वजनिक वाचनालयात नोकरीला, तीही तळघरात. दुपारभर ती तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे लावत असे. घरी एकटीने बसण्यापेक्षा बरं म्हणून मौनी रोज आईबरोबर इथे यायची आणि खिडकीजवळच्या टेबलापाशी एकटीने बसायची. एवढाच काय तो फरक!

“शनिवारी तुला आत्याकडे पाठवते,” आई परवा म्हणाली होती. “तिथे सोबत तरी मिळेल.” मौनीने लगेच पिशवीही भरली होती.

त्याआधी, दहा दिवसांपूर्वी, मामाचं पार्सल आलं होतं. मामाचं पाने, पकडी, कुलपं असल्या वस्तूंचं दुकान होतं. पार्सलमध्ये बोटाएवढा एक काळा टॉर्च होता, कडेला खिशाला अडकवायची पट्टी. खोक्यावर ऐटीत छापलं होतं, ‘सैनिकी दर्जाचा!’ सोबत मामाची चिठ्ठी: ‘पंधरा दिवस सतत खिशात बाळग. मग सांग, दुकानात ठेवू की नको. खोटं कौतुक केलंस तर कान पिळीन.’

मग काय! मौनीने नवी कोरी वही काढली.

‘दिवस पहिला. खिशात छान बसतो. माझ्या फ्रॉकला खिसाच नाही, पण हा दोष फ्रॉकचा.

दिवस दुसरा. लुकलुक करणारा प्रकाश: डोळे दुखतात. चोर पळेल की नाही माहीत नाही, आई पळाली.

दिवस चौथा. खिशातल्या खिशात आपोआप लागला! मांडीला चटका. बॅटरी संपली. उपाय: मागचं झाकण पाव फेरा सैल ठेवायचं, मग बटण दाबलं तरी लागत नाही.

दिवस सहावा. मोठा प्रकाश आठ मिनिटांत तापतो आणि स्वतःच मंदावतो. मधला प्रकाश दोन तास पन्नास मिनिटं टिकला. छोटा किती टिकतो ते कळलं नाही, मला झोप लागली.’

दहाव्या दिवशी झोत किती लांब जातो ते बघायला ती वाचनालयाच्या जिन्यात उभी राहिली. झोत फिरत फिरत वरच्या काळोख्या कोपऱ्यात गेला. तिथे वीज गेली की आपोआप लागणारा इमर्जन्सी दिवा होता, त्याला लटकवलेलं कार्ड होतं आणि कार्डावर न आलेला सोमवार ‘ठीक’ होता!

त्या दिव्याला तपासणीसाठी एक बारीक बटण असतं. दाबलं की दिवा लागायला हवा. मौनीने केरसुणीच्या दांड्याने ते दाबलं. ढिम्म! तिने सगळ्या इमारतीतले दिवे शोधले. तळघरातले चार धरून एकूण चौदा. चौदाच्या चौदा कार्डांवर ‘ठीक’, आणि लागले फक्त तीन. तळघरातला तर एकही नाही.

त्या तळघराला खिडकी नव्हती. आणि तिथे आई होती.

म्हणून आज तिने वायरमनकाकांना विचारलं, आणि त्यांनी हसून उडवून लावलं. मौनी गप्प बसणार होती थोडीच! ती तडक ग्रंथपालबाईंच्या खोलीत गेली.

“बाई, दिवे बंद आहेत!”

बाईंच्या एका कानाला फोन, समोर कागदांची चळत. “कार्डावर सही आहे ना?”

“आहे, पण—”

“मग झालं तर! बोलव वायरमनना.”

काका आले. त्यांनी दाराबाहेरच्या दिव्याचं बटण दाबलं. लख्ख उजेड! मौनीने कपाळावर हात मारला. नेमका तीन चांगल्यांपैकी एक!

“बघा बाई, ठणठणीत,” काका म्हणाले.

“बघितलंस?” बाई चष्म्यावरून म्हणाल्या. “उगाच मोठ्या माणसांवर संशय घेऊ नये.”

“तळघरातला दाखवा ना!”

“तळघरात जायला आत्ता वेळ कुणाला आहे!” काका शिडी उचलत म्हणाले.

मौनी खिडकीपाशी येऊन बसली. डोळे भरून आले होते, पण रडायचं नाही असं तिने ठरवलं. मोबाइल बघितला. रेडिओने तिचा निरोप वाचला होता आणि एक हसरा चेहरा टाकला होता. नुसता एक चेहरा! ज्या मुलीला श्वास घ्यायलाही उसंत नसते, तिच्याकडे आज एक शब्दही नव्हता.

तीनला दहा कमी असताना पंखे मंदावत मंदावत थांबले.

वीज गेली.

वरच्या दालनात ऊनच ऊन होतं. कोणी मानसुद्धा वर केली नाही. एका आजोबांनी वर्तमानपत्राने वारा घ्यायला सुरुवात केली. “येईल पाच मिनिटांत,” वायरमनकाका जांभई देत म्हणाले.

पण मौनी केव्हाच जिन्याकडे धावली होती!

तळघरातल्या कपाटांना चाकं होती. रुळांवर सरकणारी छतापर्यंतची लोखंडी कपाटं, एकमेकांना चिकटून उभी. बाजूचं मोठं चाक फिरवलं की दोन कपाटांमध्ये माणूस जाईल एवढी वाट उघडायची आणि दुसरी वाट बंद व्हायची. फिरवण्याआधी आत कोणी नाही ना, हे डोळ्यांनी बघायचं, एवढाच तिथला नियम. पण डोळ्यांना दिसलंच नाही तर?

बावीस पायऱ्या. टॉर्च तपासताना मोजलेल्या. दहावीनंतर उजेड संपला. बाविसावीवर तिला स्वतःचा हातही दिसेना. मोबाइलला तर इथे रेंजच नव्हती. पैजा लावायच्या त्या दोघांनी, आणि खाली उतरायचं एकटीने!

“आई!” तिने हाक मारली. काहीच परत आलं नाही. चारी बाजूंनी कागद आणि कागद. त्यांनी आवाज जसाच्या तसा गिळून टाकला.

मग ऐकू आलं. कर्र... कर्र... कर्र...

चाक! कोणीतरी चाक फिरवत होतं!

मौनीने टॉर्चचं बटण दाबलं. नाही लागला! पुन्हा दाबलं. नाही! बॅटरी? नाही, काल रात्रीच तर भरली होती. झाकण! पाव फेरा सैल! तिने घामेजल्या बोटांनी झाकण पिळलं. बोट घसरलं. पुन्हा पिळलं. कर्र... कर्र...

“थांबा! चाक फिरवू नका! आत माझी आई आहे!”

वक्तृत्व स्पर्धेतसुद्धा इतका मोठा आवाज निघाला नव्हता. कागदालासुद्धा तो गिळता आला नाही.

आणि टॉर्च लागला. तिने मधला प्रकाश निवडला आणि झोत कपाटांवर न टाकता सरळ पांढऱ्या छतावर रोखला. वरून सगळीकडे दुधासारखा उजेड पसरला.

चाकाला दोन्ही हातांनी धरून वाचनालयाचे शिपाईकाका उभे होते, घामाने थबथबलेले. “अगं, दाराकडे जाणारी वाट उघडत होतो मी... तुझी आई चहाला वर गेली असेल असं वाटलं मला!”

शेजारच्या वाटेत, आता जेमतेम वीतभर उरलेल्या फटीत, आई तिरकी होऊन अंग चोरून उभी होती. तिचा चष्मा खाली पडला होता. तो शोधायला ती वाकली होती, आणि पाठीला लोखंड टेकलं तशी कशीबशी उठली होती.

शिपाईकाकांनी चाक उलटं फिरवलं. आई बाहेर आली आणि तिने मौनीला गच्च धरलं.

“मी हाका मारत होते गं,” ती हळूच म्हणाली. “पण इथे कोणाला ऐकू जात नाही. दुपारभर मी या गठ्ठ्यांशीच बोलत असते. कधी कधी वाटतं, माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झालाय.”

मौनीने जिन्याकडे बघितलं. खिडकीजवळचं टेबल आणि हे तळघर. मध्ये फक्त बावीस पायऱ्या होत्या, आणि दोघी रोज दुपारी आपापल्या जागी एकट्या बसत होत्या.

मग अचानक तिने डोळे पुसले. “आई, वीज अजून आलेली नाही ना?”

“नाही. का?”

“मग चल लवकर!”

ग्रंथपालबाई जिन्याच्या तोंडाशी येऊन पोहोचल्या होत्या. ओरडा वरपर्यंत गेला होता! मागे वायरमनकाका. “येतेच आहे वीज, काळजी नको,” ते घाईघाईने म्हणाले.

“येऊ दे की सावकाश!” मौनी म्हणाली. “बाई, वीज गेलीय म्हणजे आत्ता चौदाही दिवे लागलेले असायला हवेत. बटणसुद्धा दाबायला नको! फक्त मोजायचे. येता?”

बाईंनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा मौनीच्या आईच्या धुळीने माखलेल्या पाठीकडे. “चल,” त्या म्हणाल्या.

पुढे मौनी, मागे बाई, त्यांच्या मागे पाय ओढत काका. तळघर: एक अंधार, दोन अंधार, तीन, चार. मागचा जिना: अंधार. प्रत्येक कार्डावर मौनी झोत टाकायची आणि बाई मोठ्याने वाचायच्या, “ठीक.” हळूहळू त्यांचा आवाज बारीक होत गेला. चौदाव्या दिव्यापाशी त्या थांबल्या.

“तीन,” त्या म्हणाल्या. “चौदातले तीन.”

“बाई, माझ्याकडे चार इमारती आहेत हो,” काका खाली बघत पुटपुटले. “महिन्याच्या सह्या एकदम करून टाकतो. आजवर कधी काही झालं नाही...”

“आज झालं असतं!” बाई कडाडल्या. मग त्यांनी स्वतःचाच चष्मा काढला. “तुम्हाला एकट्याला काय बोलू? मीही सही बघितली, दिवा बघितलाच नाही. आणि ही पोरगी सांगायला आली, तर तिलाच गप्प केलं.” त्या मौनीकडे वळल्या. “चुकलं माझं. शाबास! असे डोळे आमच्याकडे असते, तर ही वेळ आली नसती. उद्या दुपारच्या आत अकरा नव्या बॅटऱ्या बसल्या पाहिजेत, काका. आणि तपासून घेणार ही!”

शिपाईकाकांनी तर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मौनीने वही उघडली.

‘दिवस अकरावा. अंधारात झाकण घट्ट करायला दोन-तीन सेकंद लागतात. ती फार मोठी वाटतात. मामा, झाकणाला खाचा असलेला मिळाला तर तोच ठेव. मधला प्रकाश छतावर मारला तर अख्खी खोली उजळते. सैनिकाचं माहीत नाही, आईला उपयोगी पडला. खोटं कौतुक नाही.’

मोबाइल वाजला. पहिलवान! ‘सूर मारला! पोटावर पडलो! लाल झालोय!’ पाठोपाठ रेडिओचे सतरा निरोप आले. मौनी हसली, पण तिने मोबाइल पालथा ठेवला. कारण आईच्या मोबाइलवर बाबांचा फोन लागला होता. समुद्राच्या कुठल्यातरी टोकावरून त्यांचा आवाज तुटत तुटत येत होता.

“वाघीण आहेस गं तू माझी!” सगळं ऐकून बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “शनिवारी आत्याकडे जातेयस ना? आत्या वाट बघतेय. सोबत होईल तुला.”

मौनीने आईकडे बघितलं. आई भरलेल्या पिशवीचे बंद उगाच आवळत बसली होती.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” मौनी म्हणाली. “मी आत्याकडे जाणार नाही. रोज दुपारी खाली तळघरात आईजवळ बसणार आणि मोठ्याने वाचणार, कागदाने कितीही गिळलं तरी! हा टॉर्च आईच्या खिशात राहील. मामाला मी सांगते. आणि सोमवारी चौदा बटणं दाबायची आहेत. सही त्याच्यानंतर!”