शेळ्या, गटार आणि भाजीगाडी

प्रयोगशाळेच्या पडद्यावर खाणपट्टी आजही हिरवीगार दिसत होती, आणि डॉ. शर्वरी ढेंगळे यांचं डोकं फिरलं होतं. त्या हिरव्या ठिपक्यापायी खाणपट्टीची भाजीगाडी महिन्यापूर्वी बंद झाली होती. तिथल्या आरोही घुलेला सातवा महिना लागलेला, हिमोग्लोबिन साडेसहा. वस्तीतल्या एकुलत्या दुकानात फरसाण आणि नूडल्सच्या पुड्या, आणि भाजीबाजार दोन बस बदलून.

"सांडपाणी खोटं बोलत नाही, मॅडम," निनाद अष्टपुत्रे म्हणाला. गटाराचं पाणी तपासणारे मलजलवेधक त्यानेच घडवून महिन्यापूर्वी वस्त्यांत बसवले होते. "माणूस फॉर्मवर काहीही लिहितो. पण पाला पोटात गेला की त्याचे अंश गटारात उतरतातच. वेधक ते मोजतो. ज्या सहा वस्त्यांचा आकडा सगळ्यांत कमी, तिथे आपल्या सहा गाड्या. वशिला नाही की राजकारण नाही."

"आणि भाजीही नाही. अरे, त्या वस्तीत पालेभाजी खातंय कोण, हे एकदा तरी जाऊन बघितलंस का?"

तो कसला जातोय? शेवटी त्याच गेल्या. उत्तर दारोदार दाव्याला बांधलेलं होतं. चाळीस शेळ्या. टेकडीवरचा सुबाभळीचा पाला त्या खायच्या आणि बायका रोज सकाळी बादल्या ओतून त्यांची जागा गटारात धुऊन काढायच्या. वेधकाला पाला तेवढा कळत होता. तो माणसाच्या पोटातून आला की शेळीच्या, हे कळायला नवा वेधक हवा होता, आणि त्याला दोन वर्षं लागणार होती.

निनादने चूक कबूल केली, हेच नशीब. पण नियम सांगायला तो चुकला नाही. शेळ्या पंधरा दिवस दुसरीकडे हलवा, आकडा उतरला की गाडी आपोआप येईल.

"विकायला नका सांगू, मॅडम," आरोही म्हणाली. "पोरांना दूध म्हणून तेवढंच मिळतं." मग सगळ्यांच्या शेळ्या तिने भट्टीनगरात, थोरल्या बहिणीच्या दारात नेऊन बांधल्या.

सोळाव्या दिवशी खाणपट्टीचा ठिपका लाल झाला आणि सतराव्या दिवशी गाडी आली. शर्वरी मुद्दाम हजर होत्या. आरोहीने मेथीच्या दोन जुड्या उचलल्या आणि चालकाला सहज विचारलं, "इतके दिवस कुठं फिरवत होता गाडी?"

"भट्टीनगरला. तिथला आकडा कालच हिरवा झाला. म्हणून इकडं धाडलं."

आरोहीने जुड्या परत ठेवल्या. "ताईचं बाळ चार महिन्यांचं आहे, मॅडम. अंगावर पितंय अजून." ती शर्वरींकडे वळली. "आता कुठं बांधू शेळ्या? जिथं बांधीन तिथली भाजी जाणार."

शर्वरींना सगळ्यांचाच संताप आला, त्यात स्वतःचाही. त्यांनी तिथूनच निनादला फोन लावला.

"तुमच्या सोसायटीच्या गटाराला वेधक आहे का रे?"

"आमच्याकडे कशाला असेल, मॅडम? आम्हाला भाजीगाडी थोडीच लागते."

"छान. मग खालचं पार्किंग मोकळं करून ठेव. चाळीस शेळ्या घेऊन येतेय."