दिवे कोणी घालवले?

पटलं तर वाचा, नाही पटलं तर पुढे सरका. पण "रचलेलं आहे" असं मला सांगू नका. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मामा आहे. अजून जिवंत आहे आणि अजून तिथेच राहतो.

चौदा वर्षं झाली. थंडीचे दिवस, दाट धुकं. आणि जागा म्हणजे महायुद्धातला एक जुना लष्करी विमानतळ.

लढाई संपली, सैन्य गेलं. उरली ती सिमेंटची लांबलचक धावपट्टी आणि एक बुटका टॉवर. मामाने ती जागा भाड्याने घेतली आणि तिथे कोंबड्या पाळल्या. अंड्यांच्या. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा शेड, जाळीच्या भिंतींचे. मधल्या पट्टीवरून अंड्यांची ढकलगाडी फिरायची.

लोक हसायचे. "जिथून बॉम्ब न्यायचे तिथून आता अंडी नेतोस होय!" मामाही हसायचा. तेव्हा हसायचा.

आता कोंबडीचं एक गणित असतं. तिला दिवसाला चौदा तास उजेड लागतो. थंडीत सूर्य लवकर बुडतो, मग उरलेला उजेड दिव्यांनी द्यायचा. एक दिवस जरी खंड पडला तरी अंडी आटतात आणि महिनाभर डोक्याला हात लावून बसावं लागतं. म्हणून मामा काहीही झालं तरी संध्याकाळी सहाला दिवे लावायचा.

लावायचे हाताने. बंद व्हायचे टायमरने, नऊ वाजता.

टॉवरच्या तळाशी खोलीत तो टायमर होता. तव्याएवढी तबकडी. तिच्यावरचे आकडे कधीच पुसले गेले होते. लाईट गेली की तबकडी थांबायची आणि लाईट आली की हाताने पुढे करावी लागायची. खटके मोजायचे. एका तासाला चार खटके. ते काम घरात दोघांनाच यायचं. मामाला आणि मामीला.

मामीबद्दल सांगायलाच हवं. बडबडी, हसरी, नाकावर माशी बसू न देणारी बाई. मला लहानपणापासून "बाळ्या" म्हणायची. मला मिशा फुटल्या तरी बाळ्याच. मामाचं तिच्याशिवाय पान हलायचं नाही. दोघांना मूल नव्हतं. पण ते दोघं एकमेकांना पुरे होते.

तर त्या वर्षी मामाने सगळ्या शेडमध्ये नवे बल्ब बसवले. पिवळे, मोठे. दोन्ही बाजूंना सरळ रांगा.

पहिल्याच संध्याकाळी...

कोंबड्या गप्प झाल्या.

आठ हजार कोंबड्या. त्यांचा कलकलाट कधी थांबत नाही. तो एकदम थांबला.

आणि मग वरून आवाज आला.

घुंऽऽऽ...

"विमान चाललंय वाटतं," मामी म्हणाली.

पण ते चाललं नव्हतं. ते फिरत होतं. धुक्याच्या वर, गोल गोल. नऊ वाजता दिवे गेले, तसा तो आवाज हळूहळू दूर गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. जरा खालून.

तिसऱ्या दिवशी शेडचे पत्रे थरथरले.

चौथ्या दिवशी मामा फाटकाशी राहणाऱ्या आजोबांकडे गेला. हे आजोबा पंचाऐंशी ओलांडलेले. लढाईच्या वेळी अठरा वर्षांचे होते आणि याच विमानतळावर दिवेवाले होते. धावपट्टीच्या कडेने तेलाचे दिवे लावायचे आणि सांगितलं की विझवायचे, हे त्यांचं काम.

मामाने आवाजाचं सांगितलं.

आजोबा म्हणाले, "लढाईत एका रात्री आपली विमानं परत येत होती. त्यांच्या मागोमाग शत्रूचं एक आलं. साहेब ओरडला, दिवे घालव! मी घालवले. पण आपलं एक अजून वरच होतं. सात जण. चाळीस मिनिटं ते डोक्यावर फिरत राहिलं. मी म्हटलं, साहेब, लावू का? साहेब नको म्हणाला."

"मग?"

"मग आवाज थांबला."

"पडलं?"

"पडल्याचा आवाज नाही आला. सकाळी सगळे शोधायला गेले. मैलोन् मैल फिरले. एक खिळा नाही सापडला."

मामा उठायला लागला.

"तू दिवे लावलेस ना?" आजोबा म्हणाले. "आता उतरतील ते. उतरले की आधी विचारतील, दिवे कोणी घालवले. रोज रात्री मी ते ऐकतो. स्वप्नात. उत्तर काही सुचत नाही, पोरा. मग पुन्हा झोप येत नाही."

मामा तडक घरी आला. म्हणाला, "आजपासून दिवे नकोत. अंडी गेली खड्ड्यात."

आणि मामी काय म्हणाली माहितीये?

"उतरू द्या हो त्यांना. कोणाची तरी पोरं आहेत ती. इतकी वर्षं वर लटकलीत. आपल्या उजेडात उतरली तर बिघडलं कुठे? नऊपर्यंत दिवे असतात, तेवढ्यात उतरतील आणि जातील आपापल्या घरी."

असली बाई होती ती.

मामा कबूल झाला.

त्याच दिवशी दुपारी एक ते तीन लाईट गेली. चारच्या सुमारास मामी सांगायला आली, "अहो, तबकडी पुढे केलीय मी. दोन तास." मामा फोनवर होता. कोंबडीखाद्याच्या व्यापाऱ्याशी भांडत होता. "हं, हं," म्हणाला.

पाच वाजता कामाची माणसं घरी गेली. मामा टॉवरच्या खोलीत शिरला. दुपारी दोन तास लाईट गेली होती हे त्याच्या डोक्यात होतं. हात सवयीने तबकडीकडे गेला. एक, दोन, तीन... आठ खटके.

मामीचे आठ आणि त्याचे आठ.

सहाला त्याने दिवे लावले. दोघं टॉवरच्या दाराशी उभे राहिले. मामीने त्याचा दंड धरला होता.

कोंबड्या गप्प झाल्या.

घुंऽऽऽ...

या वेळी आवाज फिरत नव्हता. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाकडून येत होता. सरळ. खाली... अजून खाली... पत्रे कडकड वाजायला लागले. धुकं मधोमध फाटत होतं. मामीचे डोळे भरून आले. "आले, आले हो," ती म्हणाली.

आणि खट्.

दिवे गेले.

सात वाजले होते. फक्त सात.

आवाज त्यांच्या डोक्यावरच तुटला. धडाम नाही, आग नाही. काहीच नाही. नुसता काळोख आणि जळक्या तेलाचा वास.

मग धावपट्टीवर कोणीतरी उडी मारली. जड बूट.

मग दुसरा. मग तिसरा.

मामाने मोजले. सात.

ते चालत आले. घाई नव्हती त्यांना. एकेक पाऊल सिमेंटवर नीट वाजत होतं. पाच-सहा हातांवर येऊन थांबले. मामाच्या हातात बॅटरी होती. ती लावायची त्याची छाती झाली नाही.

"दिवे कोणी घालवले?"

मामा सांगतो, आवाज भयानक वगैरे नव्हता. थकलेला होता. भाषा कोणती होती ते त्याला आठवत नाही. कळलं एवढं खरं.

मामाचं डोकं चालत होतं. दिवे दोन तास आधी का गेले, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. मामीचं "पुढे केलीय मी" हेही आठवलं होतं. चूक कोणाची, हे त्याला स्वच्छ ठाऊक होतं.

मामीच बोलली. "बाबांनो, चूक झाली हो. मुद्दाम नाही केलं कोणी..."

"कोणी?"

मामाने आपल्या दंडावरचा तिचा हात सोडवला. एकेक बोट करून सोडवला. मग तिला पाठीत हात लावून पुढे ढकललं.

"हिने," तो म्हणाला.

मामी ओरडली नाही. रडली नाही. वळून एवढंच म्हणाली, "अहो... मी तर आठच खटके केले होते."

बूट परत फिरले. सात जोड्या बूट आणि त्यांच्यामध्ये चपलांचा आवाज. चालत चालत धावपट्टीच्या मध्यापर्यंत गेले...

आणि थांबले.

मग आकाशात इंजिन सुरू झालं.

मामाने हाताने दिवे लावले तेव्हा धावपट्टी रिकामी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक चप्पलसुद्धा नाही.

पोलीस आले, चौकशी झाली, विहिरी धुंडाळल्या. शेवटी लोकांनी नेहमीचा निकाल लावला. बाई कोणाबरोबर तरी पळून गेली. मामीची म्हातारी आई येऊन मामाच्या पाया पडली, "तुम्ही तरी सांगा, माझी पोर तसली नव्हती." मामा खाली मान घालून बसून राहिला. ती पळाली नाही, एवढंही म्हणाला नाही. माझ्या आईनेसुद्धा तिला शिव्या घातल्या. मीही घातल्या, लपवत नाही.

आणि फाटकावरचे आजोबा? दुसऱ्या दिवशी सकाळी मामाला म्हणाले, "काल काय गाढ झोप लागली रे! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा." त्याच महिन्यात ते झोपेतच गेले. सुखाने.

हे सगळं मला मामाने गेल्या थंडीत सांगितलं. मी त्याच्याकडे दोन दिवस राहायला गेलो होतो. कोंबड्या त्याने कधीच विकल्या. शेड रिकामे आहेत, जाळ्या गंजल्यात. पण बल्ब एकूण एक चालू. टायमर काढून फेकून दिलाय, आता नुसतं बटण आहे.

"दिवे कशाला लावतोस मग?" मी विचारलं.

"दिवे लावले की ती येते," तो म्हणाला. "नाही लावले तर आवाज येत नाही. करमत नाही रे मला."

मला वाईट वाटलं. अगदी गलबलून आलं. म्हटलं, या माणसाने तेरा वर्षं बायकोची वाट पाहिली.

सहा वाजले. त्याने बटण दाबलं. दोन्ही रांगा पेटल्या. आम्ही टॉवरच्या खोलीत बसलो.

सातच्या आत आवाज आला.

घुंऽऽऽ...

मी शपथेवर सांगतो, मी तो या कानांनी ऐकला. आणि त्या आवाजाच्या आत कोणीतरी बाई बोलत होती. शब्द कळत नव्हते. बडबड होती, ओळखीची.

आवाज सरळ आला. खाली... खाली... खिडकीची काच थरथरली. मी उठून उभा राहिलो. "मामा, उतरतायत!"

मामाने हात पुढे केला आणि बटण बंद केलं.

काळोख.

"अरे!" मी ओरडलो. "काय करतोस? ती होती ना त्यात?"

"होती."

"मग घालवलेस का?"

तो काळोखात हळू आवाजात बोलला. समजूत घालावी तसा.

"उतरली तर सांगेल ना ती त्यांना. सोळा खटके कसे झाले ते."



"रोज?" मी विचारलं.

"रोज."

वर इंजिन धडपडत होतं. चढायचा प्रयत्न करत होतं. आणि मग त्यातून शब्द आले. स्वच्छ. इतके स्वच्छ की जणू ती खिडकीशीच उभी होती.

"बाळ्या... दिवे लाव रे! बाळ्या!"

मी तिथे आहे हे तिला कसं कळलं, मला विचारू नका.

बटण माझ्या उजव्या हाताशी होतं. वीतभर अंतरावर. मामाने मला अडवलं नाही. नुसता श्वास रोखून वाट पाहत बसला, मी काय करतो याची.

माझ्या डोक्यात एकच आलं. दिवे लावले तर ते उतरतील. उतरले तर विचारतील. आणि बटणापाशी आता आम्ही दोघं आहोत.

"बाळ्या, लवकर! आम्हाला दिसत नाहीये काही!"

मी हात खिशात घातले.

आवाज वर गेला, लांब गेला, बंद झाला. मामाने सुस्कारा टाकला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "चल, चहा टाकतो," म्हणाला. मी प्यालो. दोन कप प्यालो.

त्याला आता वर्ष होत आलं. परत मी तिकडे गेलेलो नाही. माझं घर तिथून पाच तासांवर आहे. पण परवा संध्याकाळी बायकोने गच्चीवरचा दिवा लावला आणि खाली येऊन सहज म्हणाली, "वर कुठलं तरी विमान घिरट्या घालतंय, बघा तरी."

मी गेलो नाही. तिलाच म्हटलं, दिवा तू घालवून ये.